रिकाम्या स्टुलावरचा फोकस

वहिनीने फोकस शिकायचं काढलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं, की बाई, हे तुझं काम नव्हे. मी अशीच बोलते. दादा मला मिरची म्हणायचा ते काही उगाच नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावर जिना चढून गेलं की आमचं फोटोचं दुकान, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टेबल, आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मागच्या खोलीत स्टुडिओ. बाहेरची कामं, म्हणजे लग्नं, शर्यती, शाळांचे कार्यक्रम, ही माझी. आत बसवून काढायचे फोटो दादाचे. आणि वहिनीचं काम स्टुलावर बसायचं.

हे जरा नीट सांगायला हवं. दादाची कामाची एक पद्धत होती आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही. गिऱ्हाईक बाहेर आरशापुढे केस विंचरत असायचं, तेव्हा तो वहिनीला आत हाक मारायचा, राखाडी पडद्यापुढच्या स्टुलावर बसवायचा आणि तिच्या डोळ्यावर फोकस लावायचा. रिंग हलू नये म्हणून लेन्सवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. त्या तुकड्याचं एक टोक न चुकता दुमडून ठेवायचा, म्हणजे काढताना नखाने खरवडत बसायला नको. मग वहिनी उठायची, गिऱ्हाईक बसायचं. फोटो काढताना दादा कॅमेऱ्यातून बघायचाच नाही. वायरचं बटण हातात धरून तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहायचा आणि समोरच्याकडे सरळ बघत गप्पा मारायचा. "कॅमेऱ्यातून बघायचं ते फोकसपुरतं," असं त्याचं म्हणणं. "फोटो काढताना माणसाकडे बघावं."

मागच्या वर्षी तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. मी रडले नाही. का कोण जाणे, रडूच आलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. नातेवाईक म्हणाले, बहिणीचं काळीज दगडाचं आहे. म्हणोत बापडे. मला दुकान चालवायचं होतं.

तर वहिनी फोकस शिकायचं म्हणाली आणि मी उडवून लावलं. ती काही वाद घालणाऱ्यातली नाही. तिने टेबलाच्या खणातून एक फोटो काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तो फोटो मला पाठ होता. दोघं कुठेतरी फिरायला गेले असताना दादाने वाटेवरच्या कोणाच्या तरी हातात कॅमेरा दिला होता. दादा आणि वहिनी मध्ये थोडी जागा सोडून उभे आहेत, मागे विटांची भिंत. त्या भल्या माणसाने कॅमेऱ्यातला फोकसचा चौकोन मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. मधोमध कोणी नव्हतंच. चौकोन दोघांच्या मधून आरपार गेला आणि भिंतीवर जाऊन बसला. प्रत्येक वीट मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे, आणि ही दोघं नुसती धुरकट.

"दुसरा फोटो नाही त्याचा," वहिनी म्हणाली.

हे खरंच होतं. आयुष्यभर लोकांचे चेहरे टिपणाऱ्या माझ्या भावाला स्वतःचा फोटो म्हटला की कापरं भरायचं. फोन समोर धरला की तो तोंडापुढे पंजा धरायचा. घरातल्या सगळ्या फोटोंत त्याचा पंजा आहे, नाहीतर पाठ आहे. ओळखपत्रावर एक चेहरा आहे, पण तो मिसरूड फुटलेल्या पोराचा, आणि त्याच्या तोंडावरच शिक्का बसलाय.

"मिरची, मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय," वहिनी म्हणाली. "डोळे मिटले की शर्ट दिसतो. हात दिसतात, ते चिकटपट्टी फाडतात ते. मान दिसते. चेहऱ्याशी आलं की ह्या फोटोसारखं होतं. रोज थोडं जास्त पुसट. अजून काही दिवसांनी काहीच उरणार नाही."

मला स्वतःला तो लख्ख आठवत होता, असं मला वाटत होतं. मी मनात आणून पाहिला. मलाही आधी शर्टच दिसला.

"म्हणून मला फोकस शिकायचाय," ती म्हणाली. "तो येतो इथं. मागच्या खोलीत. तुला कळत नाही, मला कळतं. एकदा नीट फोटो काढायचाय त्याचा. एकच. मग मी पुन्हा मागणार नाही."

मी तिला काय वाट्टेल ते बोलले. भूतबित काही नसतं, डोकं ठिकाणावर आहे का, लोक हसतील, गिऱ्हाईक पळेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला. दादाच्या उंचीचा पट्टा तो, कॅमेरा तिच्या पोटाखाली लोंबायला लागला. ते ध्यान बघून मला हसू आलं, आणि हसले म्हणजे मी हरले.

मग शिकवायला बसले. शिकवायचं तर नीट शिकवायचं, अर्धवट काम मला चालत नाही. तिला मी खिडकीशी नेलं आणि खालचा रस्ता दाखवला.

"तो बघ, बाकावर म्हातारा पेपर वाचतोय. हलत नाही. अशा माणसाला एकच बारीक चौकोन घ्यायचा, आणि तो त्याच्या डोळ्यावर ठेवायचा. आपल्या जवळच्या डोळ्यावर. नाकावर नाही, कानावर नाही. आता ती सायकलवाली बघ. तिच्यावर तसा चौकोन ठेवून फोकस धरलास, तर बटण दाबेपर्यंत ती पुढे गेलेली असते. तिथं चालता फोकस लावायचा, म्हणजे कॅमेरा तिच्यामागून सुटतो आणि सारखा नव्याने धरत राहतो. अंधार असला, समोर काच असली, जाळी असली, तर कॅमेरा बावचळतो. लेन्स नुसती पुढं-मागं करत कण्हत बसते. तेव्हा त्याच्या हातातून काम काढून घ्यायचं आणि आपल्या हाताने रिंग फिरवायची."

वहिनीने मान डोलावली. मग विचारलं, "आणि माणूस अजून आलेलाच नसेल तर?"

मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची आमच्या घरात खोड आहे.

"शर्यतीत करतो आपण तसं. शेवटच्या रेषेवर कोणालातरी उभं करायचं, त्याच्यावर फोकस लावायचा, कुलूप घातल्यासारखा पक्का करायचा आणि त्याला बाजूला व्हायला सांगायचं. मग वाट बघायची. धावणारा त्या जागी आला की बटण. तुला फोकस माणसावर लावायचाच नसतो, जागेवर लावायचा असतो."

"जागेवर," वहिनी म्हणाली, आणि मागच्या खोलीतल्या स्टुलाकडे बघितलं.

त्या दिवसापासून दुपारी दुकान जरा निवांत असलं की तिचा उद्योग सुरू. स्टुलावर झाडू उभा करायची, त्याच्या टोकाला दादाची टोपी घालायची, टोपीवर फोकस लावायची. मग झाडू काढून घ्यायची आणि वायरचं बटण हातात धरून, पाय ठेवायच्या पाटावर चढून, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनमध्ये टक लावून बसायची. मध्येच एक फोटो काढायची. रिकामं स्टूल, राखाडी पडदा. पुन्हा तेच. संध्याकाळी मी कार्ड रिकामं करायला घेतलं की स्क्रीनभर स्टुलंच स्टुलं. पुढच्या खोलीत एखादं गिऱ्हाईक असलं आणि आतून बटणाचा आवाज आला तर ते विचारायचं, आत कोण आहे. मी सांगायचे, वहिनी सराव करतेय. आणि मला दार लोटून घ्यावंसं वाटायचं.

भीती वाटत होती म्हणून असं नाही. म्हणजे, तेव्हा नव्हती वाटत.

मग एक दिवस लेन्सवर चिकटपट्टी दिसली. कागदी, पांढरी, बोटाच्या पेराएवढी, आणि एक टोक दुमडलेलं. माझं डोकंच फिरलं.

"त्याच्या नकला करू नकोस," मी वहिनीला म्हणाले. "हे मला नाही सहन होत."

"मी नाही लावली."

"मग काय उंदराने लावली?"

"मला वाटलं तू लावलीस," वहिनी म्हणाली. "मला ती टोक दुमडायची घडी कधी जमलीच नाही. तो चिडवायचा त्यावरून."

मी पट्टी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर कॅमेऱ्याचं स्टँड उंच केलेलं. वहिनी माझ्या खांद्याला लागते. तिच्यासाठी मी ते खाली करून, खिट्ट्या आवळून ठेवलं होतं. आता ते दादाच्या छातीइतकं होतं. किल्लीवाल्याकडे एक जादा किल्ली असते, म्हणून मी खाली जाऊन त्याला झापलं. बिचारा हातातली कानस ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. त्याने वर पाऊलही टाकलं नव्हतं. वर आले तेव्हा वहिनी पाटावर उभी राहून हात वर करून दाखवत होती.

"बघ. माझा हात तरी पोचतो का नीट? मी कशाला उंच करू?"

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तोच मला सोसवेना. मी स्टँड खाली केलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा वर गेलं. पुन्हा खाली केलं. मी त्या खोलीत एकटी जाणं टाळायला लागले. लेन्स हवी असली तर वहिनीला सांगायचे, ती आण. तीही हसत जायची, आणि आत गेल्यावर हलक्या आवाजात काहीतरी बोलायची. काय बोलते ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही.

तिला जरा बाहेरची हवा लागावी म्हणून एका शाळेच्या शर्यतींना मी तिला बरोबर नेलं. दुसरा कॅमेरा तिच्या हातात दिला, वळणापाशी उभं केलं आणि म्हटलं, येतील तसे टिप. मी स्वतः शेवटच्या रेषेवर. अर्धा कार्यक्रम उरकल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिचा कॅमेरा मी आदल्या दिवशी ओळखपत्रांच्या फोटोंसाठी लावला होता, आणि तो तसाच दिलाय. स्थिर फोकस, एक चौकोन. म्हणजे धावणारी सगळी पोरं धुरकट येणार. मी कपाळावर हात मारला.

घरी येऊन बघते तर एक फोटो वाया गेलेला नाही. पोरं वळणावर झुकलेली, मातीचे कण उडालेले, आणि प्रत्येक पोराचा डोळा लख्ख. माझ्या फोटोंपेक्षा चांगले. कॅमेरा पाहिला. खटका चालत्या फोकसवर होता.

"तू बदललास?"

"मला कुठं कळतंय ते," वहिनी म्हणाली. "मी नुसता धरला होता. कोणीतरी खांद्याला धरून वळवावं तसं वळत होते. मला वाटलं फोटो काढताना असंच होत असेल."

असं होत नाही. मी इतकी वर्षं फोटो काढतेय, मला कोणी कधी खांद्याला धरलेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सगळ्यात वाईट हे, की भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता. सख्खी बहीण मी. त्याच्याच हाताखाली शिकले. आणि येऊन तिचा खांदा धरतोस?

वहिनीची तब्येत मात्र उतरत चालली. जेवण निम्म्यावर आलं. रिकाम्या स्टुलाकडे बघून बघून डोळे लाल झाले, सारखं पाणी यायला लागलं. "मान पण गेली आता," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली. "हातच उरलेत." मी म्हटलं, स्टूल विकून टाकते, पडदा काढते, तो कोपराच मोडून टाकते. ती म्हणाली, "काढ. मी जमिनीवर फोकस लावीन."

अशात चष्म्याच्या दुकानवाली आली. तिला दुकानाच्या पाटीसाठी एक डोळा हवा होता. फक्त डोळा, पाटीभर मोठा, पापणीचा केस न् केस दिसेल असा. काम चांगलं होतं. एरवी असल्या कामाला दादा वहिनीला बसवायचा, पण तिच्या डोळ्यांची ही दशा. मी म्हटलं, मी बसते स्टुलावर, फोटो तू काढ.

खरं सांगायचं तर मला दुसराच हेतू होता. त्या स्टुलावर हाडामांसाचं कोणीतरी बसलेलं तिला दिसावं. तिथं कोणी येत नाही, आलंच तर मी येते, हे तिच्या डोक्यात एकदाचं बसावं.

सकाळची वेळ, खिडकीतून बाजूने छान उजेड येत होता. मी जवळून फोटो काढायची लेन्स चढवली आणि तिला समजावलं. "इतक्या जवळून फोकसची जागा केसाएवढी असते. इथं कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो कधी पापणी धरेल, कधी भुवई. म्हणून रिंग एकदा लावायची आणि तिला हात लावायचा नाही. त्याऐवजी अख्खा कॅमेरा स्टँडवरच्या ह्या सरकत्या पट्टीवरून हळूहळू पुढं-मागं सरकवायचा. बुबुळ स्पष्ट झालं की थांबायचं आणि वायरचं बटण दाबायचं. आणि मी हलले तर मला शिव्या दे."

मी स्टुलावर बसले. इतकी वर्षं दुकानात काढली, पण त्या स्टुलावर मी पहिल्यांदाच बसले होते. तिथून खोली वेगळीच दिसते. लेन्स इतकी जवळ, की तिच्यापलीकडचं काही धड दिसत नाही. वहिनी एका बाजूला पाटावर उभी, मान खाली घालून स्क्रीनमध्ये बघत होती. मला वाटलं मी डुलतेय. श्वास घेतला तरी डोकं जरासं हलतं, आणि तेवढ्याने फोकस जातो.

"फोकस लागला?" मी विचारलं.

"मघाशी नव्हता. आता आपोआप लागला."

"आपोआप कसा लागेल, तू सरकवलंस ना?"

"हललीस तू बोलताना," वहिनी म्हणाली. "गप्प बस."

बटण वाजलं. तिने आणखी थोडे फोटो काढले, मग डोळ्यांना पाणी आलं म्हणून तोंड धुवायला गेली. मी कार्ड घेऊन पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसले. पहिलाच फोटो उघडला आणि मान्य केलं, की मलाही असा जमला नसता. पापण्या, बुबुळातल्या रेघा, कडेची तांबडी शीर, सगळं खणखणीत. फोकस बघायचा तर फोटो मोठा करून बघावा लागतो. मी मोठा केला. बुबुळावर आले. आणखी मोठा केला. मधल्या काळ्या भागावर आले.

डोळ्यात समोरचं दिसतं. त्यात नवल नाही, डोळा ओला असतो, समोर जे असेल ते त्यात उमटतं. लेन्सचं काळं वर्तुळ उमटलं होतं. स्टँडचे पाय होते. एका बाजूला पाटावर वहिनी, मान खाली, हातात वायर. दुसऱ्या बाजूला दादा उभा होता.

मला आधी दाराला टांगलेला रेनकोट आठवला. उठून मागच्या खोलीत गेले. रेनकोट तिथं नव्हताच, तो पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. स्टँडच्या त्या बाजूला काही नव्हतं, नुसती मोकळी फरशी. मी परत आले, खुर्ची घट्ट धरली आणि पुन्हा बघितलं.

तोच होता. त्याच्या नेहमीच्या जागी, कॅमेऱ्याशेजारी. एक हात लेन्सच्या रिंगवर. कपाळ, नाक, ओठांची ती एका बाजूची मुडप, सगळं स्पष्ट. मी विसरले होते. त्याच्या भुवईत एक खाच होती, लहानपणी मीच पाटी फेकून मारली होती ती, आणि मी तीही विसरले होते.

मग मला एकेक कळत गेलं. दादा जन्मात कधी त्या स्टुलावर बसला नव्हता. कॅमेरा समोर आला की पळणारा माणूस, तो मेल्यावर तेवढा समोर येऊन बसेल, असं आम्हाला वाटलंच कसं? इतके महिने वहिनी रिकाम्या जागेवर फोकस लावून वाट बघत होती आणि तो तिच्या कोपराला कोपर लागेल इतका जवळ उभा होता. तिची रिंग सरळ करत. तिचं स्टँड स्वतःच्या सवयीने उंच करत. आपली बायको फोटो काढायला शिकतेय, तर तिचे बिघडू नयेत म्हणून.

फोटो काढताना माणसाकडे बघावं म्हणायचा. तो माझ्याकडे बघत नव्हता. वहिनीकडे बघत होता.

फोटो पुसायला एक बटण पुरतं. माझं बोट त्यावर होतं, हे मी लपवत नाही. हे तिला दाखवलं तर ती त्या खोलीतून कधी बाहेर येणार नाही, असं वाटलं. जेवणार नाही, झोपणार नाही. पण तिने एकच मागितला होता, आणि तो निघाला होता. तो पुसणारी मी कोण?

"वहिनी," मी हाक मारली. "इकडे ये जरा."

ती पदराने तोंड पुसत आली. मी उठून तिला खुर्चीत बसवलं. तिला शोधावं लागलं नाही. ती पुढे वाकली आणि तशीच राहिली. मी तिच्या मागे उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. खाली किल्लीवाल्याची कानस चालू होती. ती थांबली, पुन्हा सुरू झाली.

"दाढी वाढलीये," वहिनी म्हणाली.

तिने स्क्रीनवर त्याच्या गालावरून बोट फिरवलं.

"इतका जवळ होता," ती म्हणाली. "आणि मी बघतेय कुठं, तर स्क्रीनमध्ये."

ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि स्टँडच्या त्या मोकळ्या बाजूकडे तोंड करून उभी राहिली. तिने हात पुढे केला, हवेतच ठेवला, खाली घेतला. तिला काही दिसत नव्हतं, हे तिच्या मानेवरून कळत होतं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात इतकी वर्षं राहून तिने मला कधी काही करायला लावलं नव्हतं. आता स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "बस."

मी बसले. तिने कॅमेरा उचलून बाजूला ठेवला. वायर गुंडाळून ठेवली. कॅमेऱ्याच्या जागी ती स्वतः आली आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे जरासं वळवलं. तिचा चेहरा इतका जवळ आला, की मला तिचे लाल डोळे तेवढे दिसत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोळ्यात बघत होती, तिच्या मागे उभं कोण आहे ते.

"आहे?" मी विचारलं.

तिचं तोंड हळूहळू बदललं. इतक्या महिन्यांत न पाहिलेलं तिचं तोंड, दादाने आत हाक मारली की व्हायचं तसं. तो माझ्या डोळ्यात होता, तिला दिसत होता, आणि मला दिसणं शक्य नव्हतं. सगळ्या जगात मला एकटीलाच नाही. मी तिच्या खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न केला. राखाडी भिंत, रिकामी फरशी.

तेव्हा माझे डोळे भरून आले. वर्षभर न आलेलं सगळं एकदम आलं आणि मला ते थोपवता येईना. समोरचं सगळं पाण्यात गेलं, वहिनी, खिडकी, सगळं.

वहिनीने माझी हनुवटी आणखी घट्ट धरली.

"आत्ता रडू नकोस गं मिरची," ती म्हणाली. "तो हलतोय."